टिकलेलं वाक्य

चौदा पानांचा अर्ज ग्रामसेवक निवृत्ती खंदारे यांनी यंत्रात सरकवला आणि पडद्यावरची वाक्यं एकेक करून पुसली जाऊ लागली. चांगला कारभार इतर गावांना शिकवण्यासाठीचं हे अनुदान होतं. पण यंदापासून यंत्र प्रत्येक वाक्य गावाशी ताडून बघायचं आणि खोटं असेल ते टिकूच द्यायचं नाही.

‘लोकसहभागातून सर्वांगीण विकास’ गेलं. ‘पारदर्शक कारभार’ क्षणभर घुटमळलं, मग तेही गेलं.

“शेजारच्या गावाचा अर्ज उतरवलात ना?” सरपंच हौसाताईंनी विचारलं.

“सगळेच उतरवतात, ताई.”

मुदत संपायला दहा मिनिटं उरली, तेव्हा अख्ख्या अर्जात एकच वाक्य शिल्लक होतं, तेही ‘अडचणी’च्या रकान्यातलं : ‘सरपंचांच्या घरी पाणी सगळ्यात शेवटी येतं.’

“हे कशाला लिहिलंत?” ताई ओशाळल्या.

“रकाना रिकामा दिसत होता म्हणून.”

“शेवटी का?” यंत्रानं विचारलं.

“मीच सांगितलंय तसं पाणी सोडणाऱ्याला. माझा हंडा आधी भरला, तर शेवटच्या घरी पाणी पोचलं की नाही, हे मला कसं कळणार?”

ताईंचं बोलणं पडद्यावर उमटलं आणि तसंच राहिलं. खाली हिरवी अक्षरं आली : ‘अनुदान मंजूर. चाळीस गावांना हेच शिकवा.’

खंदारेंना चेव आला. त्यांनी घाईघाईनं टाइप केलं, ‘ग्रामसेवकांच्या घरीही पाणी शेवटीच येतं.’

वाक्य पुसलं गेलं.

हौसाताई हसत उठल्या. “उद्या परत लिहा. टिकेल.”