काळा धूर आणि बारीक टाके

शिडाच्या बोटीने सकाळपासून तिसऱ्यांदा काळा धूर ओकला, तेव्हा धक्क्यावरच्या क्रेनवाल्याने घड्याळ पाहिलं. बाराला इंजिन उचलायचं ठरलं होतं. उचललं की थेट भंगारात. सासऱ्यांनी हयात असताना स्वतःच्या हातांनी बसवलेलं इंजिन.

"भंगारात घाल तुझी अक्कल," सासूबाई मुलाला म्हणाल्या. केबिनमध्ये इंजिनाच्या पेटीशेजारच्या बाकावर त्या मांडी ठोकून बसल्या होत्या. "तीस वर्षं कुरकुर केली नाही त्यानं. तुझ्या बापानं आणि त्या इंजिनानं, दोघांनीही."

"आई, बंदराच्या भिंतीपर्यंत जातं आणि धापा टाकतं. काल वारा पडला, तर वल्हं मारत आणली मी बोट."

"मग जरा पोट तरी उतरलं असेल."

इंजिन दुरुस्तीला आलेला मिस्त्री खाली मान घालून हसला. चार दिवस तो खपत होता. डिझेलचा फिल्टर बदलून झाला, हवेचा साफ करून झाला, इंजेक्टर काढून तपासून आणले. मुलाने बुडी मारून बोटीखालच्या पंख्याला चिकटलेले शिंपले खरवडले. गंमत अशी, की मिस्त्री पेटी उघडून बसला की इंजिन गुणी बाळासारखं चालायचं. त्याची पाठ वळली की पुन्हा धूर.

"पाहुणे असेपर्यंत हसरी आणि गेले की फुरंगटलेली," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात अशी आणखी एक आहे."

ती आणखी एक, म्हणजे सून, चहा गाळत होती. तिने कप मिस्त्रीच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "दादा, एकदा पेटीचं झाकण लावून बघता का? तुम्ही असताना ते लावलेलंच नाही कधी."

मिस्त्रीने कप तसाच खाली ठेवला.

बोट दोरांनी धक्क्याला घट्ट बांधलेली होती. त्याने झाकण लावलं, गियर टाकला, जोर दिला. इंजिन घरघरलं, मागून काळा लोट निघाला. त्याने झाकण उचललं. धूर विरला, दोर ताणले, अख्खी बोट धक्का घेऊन निघते की काय असं वाटलं. पुन्हा झाकण, पुन्हा काळं.

"दम कोंडतोय हो याचा!" मिस्त्री ओरडला. "डिझेल पोटभर, हवा नावाला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!"

त्याने झाकण उलटं केलं. आतून जाड गादी लावलेली होती. फोम, त्यावर कापड, चारी कडांना फटी बुजवणारी झालर. हवेची भोकं तिच्याखाली गाडली गेली होती.

"हे कुणी केलं?"

मुलाने आधी आईकडे पाहिलं, मग छताकडे. इंजिनाच्या खडखडाटात दुपारची झोप लागत नाही, ही तक्रार घरात एकाच माणसाची होती.

"मी," सून म्हणाली. "आवाज कमी व्हावा म्हणून."

"काय हे वहिनी! चार दिवस मी इथे काळा होतोय, वर तो क्रेनवाला—"

"थांबा." सासूबाईंनी झाकण ओढून मांडीवर घेतलं, चष्मा सारखा केला. "मिस्त्री, डोळे आहेत की बटणं? ही शिवण बघा. बोटभर जागेत अकरा टाके, एक वाकडा दाखवा. हिला साधी उशी तरी शिवता येते का?"

मुलाला हसू आवरेना. इंजिन उघड्यावर मजेत धडधडत होतं.

"दात काय काढतोस? त्या क्रेनवाल्याला चहा पाजून वाटेला लाव," त्या मुलावर खेकसल्या आणि सुनेकडे न बघता हात पुढे केला. "कात्री आण गं. माझं मीच उसवते."

सुनेला कुठे जावं लागलं नाही. कात्री सकाळपासून किटलीशेजारी काढून ठेवलेली होती.