गाळलेली भोरडी

थव्यातली प्रत्येक भोरडी जवळच्या सात जणींना पाहून वळते, हे मला सिद्ध करायचं होतं. एकच भोरडी नियमात बसेना. मी तिची नोंद गुपचूप पुसली.

"सर, एक पक्षी कमी भरतोय," सहायक म्हणाली.

"तुझीच मोजणी चुकली असेल."

तिनं माझी माफी मागितली.

काल टिपलेला नवा थवा आज पडद्यावर लावला. मधे एका पक्ष्याएवढी जागा रिकामी होती. भोवतीच्या सात जणी तिकडे पाहून वळत होत्या.

"अगंबाई! या कुणाच्या मागे चालल्यात?"

लाजेनं माझी मान खाली गेली.

"सर," ती कुजबुजली, "सातही जणी आत्ता खाली वळल्या."

मी अजून मान वर केलेली नाही.