कर्ण्यावरची बोली

पितळी शिट्टी, नवी दोरी.

चिंचेला बांधलेला कर्णा.

दोन नारळाचे खांब, त्यांवर फळ्या, फळ्यांना लोखंडी कड्या.

चांदीप गावाहून सायकल मारत आलेला श्रीपत, गुडघ्यापर्यंत धूळ.

१९५६चा डिसेंबर. वसईत, चर्चमागच्या मैदानावर बास्केटबॉलचा अंतिम सामना. दरवर्षीप्रमाणे समोर मुंबईचाच संघ.

अकरा वर्षं क्लबच्या मुलांना ॲन्सेल्म मास्तरांनी शिकवलं होतं. ईस्टर झाल्यावर क्लबचे अध्यक्ष ऑगस्टीन यांनी त्यांना बोलावलं, वय झालं म्हणाले, आणि सरावाची शिट्टी मास्तरांच्याच शिष्याला, श्रीपतला दिली. मास्तरांना माइक दिला. खेळ लोकांना समजावून सांगा.

पाऊस उघडल्यावर सामने सुरू झाले आणि त्यांचं माइकवर नाव झालं. विरारपर्यंतचे क्लब बोलावू लागले. केळीच्या वाडीतून आलेल्या बायकाही आता ‘फाऊल’ म्हणून ओरडत.

अंतिम सामन्याला आठवडा होता तेव्हा ते श्रीपतला सहज म्हणाले, शुद्ध मराठीत सांगितलं की आमच्या म्हाताऱ्यांना निम्मं कळत नाही.

श्रीपत विचारात पडला. खेळ चालू असताना मार्गदर्शकाने बाकावरून बोलायचं नाही, असा स्पर्धेचा नियम होता. माइकला नियम नव्हता.

“मग गावच्या बोलीत सांगा ना, मास्तर. कुठली बाजू मोकळी हाय, कोन दमलाय. आपली पोरं ऐकतील. मुंबईवाल्यांना काय कळनार?”

“माझ्याही पुढे गेलास रे,” मास्तर म्हणाले.

मध्यंतरापर्यंत क्लब सहा गुणांनी पुढे होता. म्हातारे खूश, पोरं खूश.

नंतर फिरलं. मास्तरांनी बोलीत डावी बाजू मोकळी म्हणावं, आणि मुलं वळायच्या आत मुंबईचा कप्तान तिथे उभा. उजवी म्हणावं, तिथेही तोच. श्रीपतने बाकावरून हात हलवून थांबा अशी खूण केली. मास्तरांचा आवाज उलट चढला. क्लब अकरा गुणांनी हरला.

संध्याकाळी क्लबच्या खोलीत ऑगस्टीननी एकच विचारलं, युक्ती फुटली कुठून? गुरुवारी बूट आणायला मुंबईला श्रीपत गेला होता. गावचा नसलेलाही तोच. कोणी काही म्हणायच्या आधीच सगळे त्याच्याकडे बघत होते.

“आयची शपथ,” श्रीपत म्हणाला.

मास्तर मध्ये पडले. पोरगं तरुण आहे, कुठे चहा पिताना बोलून गेलं असेल. मुद्दाम नाही केलं. सोडा.

“तुम्ही फार साधे, मास्तर,” ऑगस्टीन म्हणाले आणि श्रीपतला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

बाहेर श्रीपत मास्तरांच्या पाया पडला. “सगळे उलटले. तुमी एकलेच माज्या बाजूला राहिलात.”

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सोमवारपासून सराव पुन्हा तेच घेऊ लागले.

त्या वर्षीच्या मे महिन्यात ॲन्सेल्म मास्तर बहिणीकडे म्हणून एकवीस दिवस मुंबईत राहिले होते, आणि रोज संध्याकाळी त्या कप्तानाकडून गावच्या बोलीतले बावीस शब्द घोकून घेत होते.