हशाची जागा

बावीस वर्षं मी विनोदी नाटकांत कामं केली. पहिल्याच तालमीत दिग्दर्शकाने दम भरला होता, "वाक्य टाकलंस की थांब. हशा ओसरल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही." ते अंगवळणीच पडलं. ताई दर प्रयोगाला पहिल्या रांगेत असायची. मी थांबलो रे थांबलो, की सगळ्यांच्या आधी ती हसायची.

आज दुपारी ती डबा घेऊन हॉस्पिटलचा जिना चढून आली.

"आई उठली का रे?"

"ताई, आई गेली," मी म्हणालो, आणि सवयीने थांबलो.

ताई फस्सकन हसली. "चल, काहीतरीच तुझं!"

 

 

मी हशा ओसरायची वाट बघत उभा राहिलो.