स्वयंपाकघरातला काटा

"मापात पाप करता? तेही घरात आजारी माणूस असताना?"

तिने ओट्सचे पाकीट वाण्याच्या काउंटरवर आपटले आणि पिशवीतून पुरावाही बाहेर काढला : स्वयंपाकघरातला गोल तबकडीचा काटा. पाकिटावर पाचशे ग्रॅम छापले होते. काट्यावर ते साडेतीनशेच भरत होते.

गेला महिनाभर तिचा संसार या काट्याच्या जिवावर चालला होता. थोरल्या दिरांचे, दादांचे, यकृत निकामी होत चालले होते. तिचा नवरा आपल्या यकृताचा तुकडा द्यायला एका पायावर तयार होता. परंतु त्याच्याच यकृतावर चरबी चढली होती. "वजन उतरवा, मग बघू," डॉक्टर म्हणाले होते. "पण लवकर. दादांकडे फार वेळ नाही."

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. लोण्याच्या नुसत्या वासानेही त्याचे वजन वाढते, असे तिचे ठाम मत होते. तिने त्याच दिवशी वाफेवर शिजवायचे भांडे, तेल फवारायची बाटली, न चिकटणारा तवा, बशीएवढी ताटे आणि हा काटा विकत आणला. कढई माळ्यावर गेली. नवऱ्याने कढईला असा निरोप दिला, की शेजाऱ्यांना वाटावे, घरातून कोणीतरी कायमचे चालले आहे.

काटा मात्र आधी दादांच्या हाताखालून गेला. दादा जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आले होते. बाजारातला एकूण एक काटा त्यांनी सारखा केलेला. "थोडा आपल्या बाजूने झुकता ठेवा," म्हणणाऱ्या भंगारवाल्याच्या तोंडावर त्यांनी हत्यारांची पेटी बंद केली होती. "नव्या काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो," म्हणत त्यांनी हाही रात्रभर ठेवून घेतला आणि सकाळी परत दिला. "घ्या, जेलरबाई. करा आमच्या धाकट्याची उपासमार."

आज इस्पितळात नवऱ्याचे वजन झाले. ते उतरले तर नव्हतेच, उलट थोडे चढले होते.

"तुझ्या गळ्याशपथ, भट्टीवर तुकडासुद्धा तोंडात टाकला नाही," नवरा रडकुंडीला येऊन म्हणाला. तिने त्याच्या शर्टाचे खिसे हुंगले. घरी येऊन जिन्नस न् जिन्नस काट्यावर चढवला. बंद पाकिटालाही तो भोक पाडत असावा, इतका तिचा त्याच्यावर विश्वास होता. पाकीट हलके निघाले, भोक मात्र सापडले नाही. तेव्हा चोर वाणी ठरला.

वाण्याने पाकीट आपल्या काट्यावर ठेवले. पाचशे भरून वर वेष्टनाचे वजन.

"तुमचाच काटा खोटा आहे, वहिनी."

"शक्यच नाही. तो दादांनी सारखा केलाय."

"हाही त्यांनीच केलाय," वाणी म्हणाला.

दोघांनीही दोन्ही काट्यांकडे पाहिले. मग वाणी, काहीतरी पडल्यासारखे करून, काउंटरखाली वाकला आणि ती जाईपर्यंत वर आला नाही.

दादा खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. तिने काटा त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि त्यावर पाकीट. सुई साडेतीनशेवर येऊन थांबली.

"तुम्ही काटा मारलात, दादा. मी शंभर ग्रॅम मोजून वाढलं, की ह्यांच्या ताटात जवळजवळ दीडशे पडत होतं."

"एकदाच," ते म्हणाले. "जन्मात एकदाच."

"पण का?"

"आई गेली तेव्हा धाकटा एवढासा होता. इंजेक्शन त्याला टोचायचे आणि डोळे मी मिटायचो. आता त्याला टेबलावर आडवा घालून चिरणार? तेही माझ्यासाठी? नको म्हटलं तर ऐकणार आहे का तो? गाढव आहे नुसता. चरबी राहिली, की डॉक्टरच नाही म्हणतील." त्यांनी आवाज उतरवला. "तू बायको आहेस त्याची. खरं सांग, तुला तरी तो चिरलेला हवाय? काटा जागेवर ठेवून दे. तुझा नवरा धडधाकट राहील. कुणाला कळायचं नाही."

दादांनी तिच्या मनातले नेमके ओळखले होते. महिनाभर जितक्या तावातावाने ती भाज्या वाफवत होती, तितक्याच चोरून एक इच्छाही मंद आचेवर ठेवून होती : हा माणूस डॉक्टरांना नापसंत पडावा. आज वजन चढलेले दिसले, तेव्हा क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला होता. त्याचीच लाज वाटून तिने नवऱ्याचे खिसे हुंगले होते.

स्वयंपाकघरातून नवऱ्याची हाक आली. "दादा, जेवून घे रे बाबा! तू जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही हे तुला माहितेय. आणि घास म्हणजे काय, तीन गवारीच्या शेंगा आहेत!"

दादांना हसू आले, ते त्यांनी खिडकीकडे वळवले.

तिने काट्यावरून पाकीट उचलले.

"तुम्ही गेलात तर ह्यांचं वजन काट्याशिवायच उतरेल, दादा," ती म्हणाली. "तसं उतरलेलं मला नकोय."

दादांनी रिकामा काटा जवळ ओढला. मग त्यांनी चष्मा चढवला.

"जुनी स्प्रिंग खालच्या खणात जपून ठेवलीय, जेलरबाई. आणि येताना पेचकस आणा."