सतरावा खिळा

"आपला बिल्ला आपल्याच हाताने टांगायचा. नवऱ्याचा बायकोने नाही, बायकोचा नवऱ्याने नाही," चौकीवरचे काका म्हणाले.

"काका, डोंगर चढवताय की लग्न लावताय?" ती हसली. नवराही हसला. तिच्या पाठपिशवीतली ठमी, अकरा महिन्यांची, ती दोघं हसली म्हणून हसली. तिला दात येत होते. सकाळपासून लाळ गळत होती.

चौकीच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर चोवीस खिळे, चोवीस पितळी बिल्ले, प्रत्येकाला चामड्याची दोरी. वर जाताना माणशी एक न्यायचा, उतरलं की परत टांगायचा. वाट गोल होती, नऊ किलोमीटरांची. आधी झाडीतली दमवणारी चढण, मग माथ्यावरची अरुंद धार, मग खडकाळ उतार आणि पुन्हा तीच चौकी. दिवस मावळायच्या आत काका फळा बघत. एक जरी खिळा रिकामा दिसला तरी शोधायला माणसं निघत.

त्या दिवशी एकही खिळा रिकामा नव्हता.

माथ्यावर ठमीने रडून आकांत मांडला, म्हणून ती पुढे उतरली. नवरा फोटो काढत मागे राहिला. तो परस्पर छापखान्यात रात्रपाळीला जाणार होता, त्यामुळे घरी तिने वाट पाहिली नाही. सकाळी छापखान्यातून फोन आला: काल आला का नाही कामावर?

दुपारी तो धारेखालच्या घळीत सापडला. पाय मोडला होता. बाकीचं थंडीने केलं होतं. "संध्याकाळीच कोणी गेलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

वसंतात ती ठमीला पाठीवर घेऊन पुन्हा तिथे गेली. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"ताई, मी त्यांच्या हातात दिला होता. सतरा नंबर. माझ्या हाताने."

"बसा काका."

"संध्याकाळी बघतो तर खिळ्यावर. आणि दोरी ओली. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता, ताई. ओली कशी?"

"जाऊ द्या ना काका." तिने डब्यातली अर्धी पोळी त्यांच्यापुढे ठेवली आणि चढायला लागली. धारेवर नवे कठडे लागले होते. हिरवा रंग अजून बोटांना लागत होता.

उन्हाळ्यात चौकशी झाली. कार्यालयातली एक खोली, करकरणारा पंखा, टेबलावर पाण्याचा जग. साहेबांनी निष्कर्ष आधीच लिहून ठेवला होता: चौकीदाराने बिल्ला दिलाच नाही, माणूस तसाच वर गेला, म्हणून सतरावा खिळा भरलेला.

"दोरी ओली होती, साहेब," काका म्हणाले.

"अहो, त्या दोरीचं काय घेऊन बसलात!" कारकून हसला.

साहेब तिच्याकडे वळले. "नवऱ्याच्या हातात बिल्ला पाहिला होतात?"

ठमी मांडीवर बसून आईच्या कुर्त्याचं बटण चघळत होती. तिने ते हळूच सोडवलं.

"आठवत नाही. ही रडत होती."

"तक्रार द्यायची आहे?"

"नाही. काकांना काही करू नका."

बाहेर आल्यावर काकांनी तिला हात जोडले. नणंद तणतणत होती. "तू फारच भोळी आहेस, वहिनी. मी असते ना, तर त्या म्हाताऱ्याला दिवसा तारे दाखवले असते."

काकांना कामावरून काढलंच.

पानगळीत चौकीत नवा माणूस आला होता. काका बाहेरच्या बाकावर बसले होते. तिच्या बुटांची नाडीची भोकं त्यांनी बोटाने हवेत मोजली.

"सोळा," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर, काका."

"मोजता येतं अजून." त्यांनी बोट खाली घेतलं. "पण ताई, नसेलही दिला मी. रोज आठवून बघतो. आता त्यांचा हातच दिसत नाही डोळ्यांपुढे. नसेलच दिला."

त्या दिवशी ती चढणीच्या अर्ध्यावरूनच परतली.

हिवाळ्यात वर्ष भरलं. बाक रिकामा होता. "खालच्या वळणावर खोली आहे त्यांची," नवा चौकीदार म्हणाला. "दार उघडत नाहीत हो. भिंतीत चोवीस खिळे ठोकलेत म्हणे आणि दिवसभर मोजत बसतात. डबा बाहेर ठेवला तर तसाच राहतो."

ठमी आता चालत होती. तिला तिचा स्वतःचा बिल्ला मिळाला. मायलेकी पहिल्या वळणापर्यंत जाऊन आल्या. फळ्यापाशी आल्यावर पाहते तर ठमीने दोरी तोंडात धरलेली.

"दे बघू इकडे." तिने दोरी तोंडातून ओढून काढली, आपल्या बिल्ल्यासोबत धरली, दोन्ही बिल्ले दोन खिळ्यांवर टांगले आणि वळली. मग थांबली. मागे वळून तिने त्या ओल्या दोरीला हात लावला.

त्या दिवशी माथ्यावर ठमी काही केल्या गप्प होईना, म्हणून तिच्या बाबाने आपला बिल्ला तिला चघळायला दिला होता. खाली आल्यावर मी तो तिच्या तोंडातून काढला आणि माझ्या बिल्ल्यासोबत टांगून टाकला. तो मागून येतच होता. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेला गेलात तर खालच्या वळणावर निळ्या दाराची खोली आहे. दार उघडेपर्यंत वाजवा, जेवलात का ते विचारा, आणि सांगा, काका, बिल्ला तुम्ही दिला होता.