तळावरचं नाव

पुरीम या आमच्या ज्यू सणाला पप्पा बुटांच्या तळाला खडूने हिब्रूत ‘अमालेक’ लिहायचे आणि ते पुसलं जाईपर्यंत पाय आपटत घरभर फिरायचे. मिसर म्हणजे इजिप्तमधून निघालेल्या आमच्या पूर्वजांना अमालेकच्या लोकांनी मागून गाठलं होतं. थकलेले, म्हातारे, मागे पडलेले तेवढे मारले. म्हणून ते नाव पुसून टाकायचं, अशी आम्हाला आज्ञा आहे.

यंदा सिडनीतल्या त्यांच्या वृद्धाश्रमात कोविड शिरला आणि भेटी बंद झाल्या. मी खडू रिसेप्शनवर ठेवून आले, आणि सणाच्या दिवशी खिडकीबाहेर उभी राहून फोन लावला. काचेपलीकडे पप्पा पलंगावर पडून होते.

“लिहिलं का पप्पा?”

“लिहिलं. तू घरी जा, मग असा आपटतो की शेजारची मार्गारेट तक्रारच करेल.”

आठवड्याभरात ते गेले. त्यांच्या सामानाची पिशवी मला फाटकावर मिळाली. घरी येऊन बूट बाहेर काढले, तर दोन्ही तळांवरची अक्षरं जशीच्या तशी होती. पप्पा पलंगावरून उतरलेच नव्हते.

ठाण्याहून आत्या व्हिडिओ कॉलवर बघत होती. “मिल्का, पुसून टाक बाई ते. ते नाव राहू द्यायचं नसतं, माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे, आत्या.” ओला फडका माझ्या हातातच होता. “पण पप्पांचं शेवटचं अक्षर आहे गं हे.”